ऋण काढून रहस्य

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही शिकवण ज्यांना बाळकडूतच मिळाली आहे, त्यांनी एडगर वॉलेसचं चरित्र जरा जपून वाचावं. रात्री वाचायला घेतलं तर झोप उडते, आणि ती त्याच्या कादंबऱ्यांतल्या खुनांनी नव्हे, त्याच्या खर्चाने. १९३२ साली हा इंग्रज रहस्यकथाकार वारला तेव्हा त्याच्या डोक्यावर सुमारे एक लाख चाळीस हजार पौंडांचं कर्ज होतं. लंडनच्या उपनगरात बरंसं घर हजार पौंडांच्या आतबाहेर मिळायचं, त्या काळातले हे पौंड. म्हणजे एक आख्खी पेठ विकत घेता आली असती एवढं देणं गृहस्थाने करून ठेवलं होतं.

बरं, पुस्तकं खपत नव्हती म्हणावं तर तसंही नाही. १९२०च्या दशकात, बायबल बाजूला ठेवलं तर इंग्लंडात खपणाऱ्या दर चार पुस्तकांतलं एक वॉलेसचं, असं म्हटलं जायचं. नावावर पावणेदोनशेच्या आसपास कादंबऱ्या, वर नाटकं, शेकड्यांनी कथा. वर्तमानपत्री मजकुराची तर मोजदादच नको. लेखनावर पोट भरत नाही ही आपल्याकडच्या लेखकाची नेहमीची तक्रार. वॉलेस लेखनावर राजासारखा जगला आणि तरी त्याला ते पुरलं नाही. एवढं मिळवणारा माणूस एवढा कर्जात बुडाला कसा, हे कोडं मला त्याच्या कुठल्याही कथेतल्या कोड्यापेक्षा जास्त आवडतं. संशयित एकच, पुरावे ढीगभर, आणि गुन्हेगार सगळ्यांचा लाडका.

सुरुवातच खोट्या नोंदीने झाली. १ एप्रिल १८७५ रोजी (तारखेला कोणी हसू नये) ग्रिनिचमध्ये तो जन्मला. आई पॉली रिचर्ड्स, फिरत्या नाटक मंडळीतली नटी. बाप त्याच दुनियेतला एक नट, ज्याच्याशी तिचं लग्न झालेलं नव्हतं. तिने दाखल्यावर वॉलेस नावाच्या एका विनोदी नटाचं नाव बाप म्हणून लावलं. हा वॉलेस कुठेच नव्हता. पुढे शेकड्यांनी माणसं कल्पनेतून उभी करणाऱ्या लेखकाला आडनावच मुळी एका कल्पित माणसाचं मिळालं. काही दिवसांच्या त्या पोराला आईने बिलिंग्जगेटच्या मासळीबाजारात हमाली करणाऱ्या जॉर्ज फ्रीमनच्या घरी सोपवलं. फ्रीमनचं घर आधीच पोरांनी भरलेलं होतं, पण त्या घरच्या माउलीने आणि त्या हमालाने हे आणखी एक वाढवलं, आणि मायेने वाढवलं.

शाळा बाराव्या वर्षी सुटली. फ्लीट स्ट्रीटच्या तोंडाशी असलेल्या लडगेट सर्कसच्या चौकात तो वर्तमानपत्रं विकायचा. मग छापखाना, बुटांचं दुकान, मासेमारीची बोट, दुधाचा रतीब अशा नोकऱ्या झाल्या. रतीबाची नोकरी मालकाच्या पैशांत हात घातल्यामुळे गेली. हिशेबाशी त्याचं जे बिनसलं ते इथपासून.

अठरा-एकोणीसचा असताना तो फौजेत शिरला आणि दक्षिण आफ्रिकेत पोचला. इस्पितळात रुग्णांची उस्तवार करता करता कविता छापून आणू लागला, पुढे फौज सोडून बातमीदार झाला. बोअर युद्धात तो ‘डेली मेल’साठी तारा पाठवत होता, आणि इथे त्याच्यातला रहस्यकथाकार पहिल्यांदा दिसतो. १९०२च्या मे महिन्यात व्हेरीनिगिंगला तहाची बोलणी चालू होती. बातमीदारांना छावणीच्या आसपासही मज्जाव. सेनापती किचनर मोठा कडक, आणि बाहेर जाणारी प्रत्येक तार सेन्सॉरच्या नजरेखालून जाणारी. वॉलेसने छावणीतला एक पहारेकरी गाठला, तो त्याचा जुना सोबती. ठरलं असं, की वॉलेस आगगाडीने छावणीवरून येत-जात राहील आणि हा सोबती गाडी दिसली की रुमाल काढून नाक पुसेल. रुमालाच्या रंगावरून आतली खबर. वॉलेस बापडा तिकीट काढून खिडकीशी बसायचा, जायचा आणि परत यायचा, एका माणसाचं नाक बघण्यासाठी. एक दिवस पांढरा रुमाल निघाला. तह पक्का. तारेचा मजकूर असा बेतलेला की सेन्सॉरला वाटावं, कोणी सोन्याच्या खाणींचे शेअर घेतो-विकतो आहे. सरकारने जाहीर करण्याआधी ‘डेली मेल’ने बातमी छापली.

किचनर भडकला आणि वॉलेसवर युद्ध-बातमीदारीची बंदी आली. पण ज्या शेअर दलालाच्या मार्फत तारा जात होत्या, त्याने जोहान्सबर्गला ‘रँड डेली मेल’ हे नवं वर्तमानपत्र काढलं आणि सत्तावीस वर्षांच्या वॉलेसला त्याचं पहिलं संपादकपद दिलं. घसघशीत पगार मिळताच त्याने त्याहून घसघशीत खर्च सुरू केला. वर्षाच्या आत मालकाशी बिनसलं आणि तो देणी मागे ठेवून लंडनला परतला. ही सवय पुढे त्याने कधी मोडली नाही.

लंडनला आल्यावर तो पुन्हा ‘डेली मेल’मध्ये नोकरीला लागला, आणि त्याला वाटलं, एका दणदणीत कादंबरीने सगळी देणी फिटतील. कर्ज फेडायला कर्ज काढून धंदा करायचा, हा विचार ज्यांना सुचतो त्यांना तो फार सुंदर दिसतो. त्याने ‘द फोर जस्ट मेन’ लिहिली. ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्याला चार गुप्त माणसांची धमकी येते: अमुक विधेयक मागे घे, नाहीतर अमुक वेळेला तुला ठार करू. मंत्री हटत नाही. त्याला त्याच्या खोलीत बंद करून बाहेर पोलिसांचं कडं उभं केलं जातं, आणि नेमल्या वेळी मंत्री खोलीत एकटाच मेलेला सापडतो. कसा मारला? वॉलेसने ठरवलं की हे पुस्तकात सांगायचंच नाही. वाचकांनी ओळखावं, बरोबर उत्तराला बक्षिसं, एकूण पाचशे पौंडांची.

प्रकाशक एवढं धाडस करणार नाही, म्हणून १९०५ साली स्वतःच प्रकाशनसंस्था काढली. जाहिराती लागल्या भिंतींवर, बसगाड्यांवर, वर्तमानपत्रांत. जाहिरातीचा खर्च पुस्तकांच्या विक्रीतून निघायला हवा, तर विक्री किती हवी, हे गणित दुसरी-तिसरीतल्या पोराने पाटीवर सोडवून दिलं असतं. पण पाटी घेऊन बसायला वॉलेसला वेळ कुठला! पुस्तक तडाखेबंद खपलं, आणि जितकं खपलं तितका तो खोल गेला. त्यातच त्याच्या ध्यानात आलं, की स्पर्धेच्या नियमांत एक वाक्य राहून गेलं आहे. पहिलं उत्तर देणाऱ्यालाच बक्षीस, किंवा रक्कम विजेत्यांत वाटली जाईल, असं काहीच म्हटलं नव्हतं. कायद्याने बघितलं तर बरोबर उत्तर पाठवणारा प्रत्येक जण पैशांचा हक्कदार. आणि इंग्लंडात हुशार माणसांची काही वानवा नव्हती.

या प्रसंगाकडे बघून मला हसू येतं, आणि मग जरा गप्पही व्हायला होतं. ज्याने मंत्र्याला मारायची निर्दोष युक्ती शोधली, बंद खोलीला एकही फट ठेवली नाही, त्याने स्वतःच्या तिजोरीचं दार सताड उघडं टाकलं. पत्रं येत राहिली, विजेत्यांची यादी जाहीर होईना, लोकांत कुजबूज सुरू झाली. शेवटी ‘डेली मेल’चे मालक हार्म्सवर्थ यांनी आपल्या वर्तमानपत्राची अब्रू जाऊ नये म्हणून त्याला पैसे उसने दिले. आणि या कादंबरीचे हक्क, जी शंभर वर्षांनंतरही छापली जाते तिचे, वॉलेसने शंभर पौंडांच्या आत विकून टाकले. मंत्री कसा मेला ते मी इथे सांगत नाही. न जाणो, कोणी अजून बक्षीस मागायला जायचा.

‘डेली मेल’ची नोकरीही फार टिकली नाही. बातम्यांत त्याचा हात सैल सुटायचा. बदनामीच्या दाव्यांपायी मालकांना भुर्दंड पडला आणि १९०७ साली त्याला नारळ मिळाला. मग आफ्रिकेच्या आठवणींवर त्याने ‘सँडर्स ऑफ द रिव्हर’च्या कथा लिहिल्या. साहेब शहाणा आणि काळा माणूस पोरकट, असा त्यांचा सूर. त्या काळी त्या डोक्यावर घेतल्या गेल्या, आज त्या वाचताना संकोच वाटतो. त्याचा खरा काळ आला १९२१नंतर, हॉडर अँड स्टॉटन या प्रकाशकांशी करार झाल्यावर. वॉलेस वाचून थरारणार नाही असा माणूसच नाही, अशा अर्थाची त्यांची जाहिरात देशभर झळकली, आणि माणसं खरोखर थरारू लागली.

आता त्याच्या कामाच्या खोलीत डोकवा. अंगात ड्रेसिंग गाऊन, ओठांत वीतभराहून लांब सिगारेट होल्डर, आणि वाऱ्याची झुळूक लागू नये म्हणून लिहिण्याच्या टेबलाभोवती काचेचा आडोसा. हातात मात्र लेखणी नाही. पुढ्यात डिक्टाफोन, त्यात मेणाची नळकांडी. तो बोलत जातो, नळकांडं भरतं, ते उचलून त्याचा चिटणीस रॉबर्ट कर्टिस टंकलेखन यंत्रावर बसतो. कर्टिसची बोटं विजेसारखी चालायची म्हणून हा संसार चालला. इकडे दुसरं नळकांडं चढलेलं. मधूनमधून भरपूर साखर घातलेला चहा येतो. कागद टंकून परत येतात, वॉलेस त्यांवरून नजर फिरवतो, फेरलेखन वगैरे भानगड नाही, आणि कागद निघाले छापखान्याकडे. एक कादंबरी अशी शुक्रवारी सुरू होऊन सोमवारी हातावेगळी झाली. शिकागोच्या गुंडांवरचं ‘ऑन द स्पॉट’ हे गाजलेलं नाटक चार दिवसांत झालं. त्याच्यावरचा विनोद प्रसिद्ध आहे: कोणीतरी फोन करतो, चिटणीस सांगतो की साहेबांनी आत्ताच नवी कादंबरी सुरू केली आहे, तर तो म्हणतो, हरकत नाही, संपेपर्यंत फोन धरून ठेवतो. ‘पंच’ साप्ताहिकाने चित्र काढलं होतं, त्यात पुस्तकविक्रेता गिऱ्हाइकाला दुपारच्या आवृत्तीचा वॉलेस हवा का म्हणून विचारतो.

मराठी वाचकाला या झपाट्याचं नवल वाटू नये. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, आणि काळापहाड, झुंजार, धनंजय-छोटू यांच्यापायी कित्येकांनी अभ्यासाच्या पुस्तकात दुसरं पुस्तक घालून वाचण्याची कला आत्मसात केली. असं लिहिणाऱ्यांना साहित्याचे जाणकार पंगतीला बसवत नाहीत, आणि वाचक त्यांना उठू देत नाहीत. वॉलेसचंही तेच झालं. पण त्याच्या झपाट्यामागे वाचकांच्या जोडीला आणखी एक उभा होता, तो म्हणजे दाराशी बसलेला देणेकरी.

कारण मिळकत वाढली तसा खर्च तिच्या पुढे पळत राहिला. पिवळी रोल्स-रॉइस. लंडनच्या उंची हॉटेलात राखून ठेवलेल्या खोल्या, बोर्न एंडला नोकरचाकरांनी भरलेलं मोठं घर, पाहुण्यांचा राबता, मागेल त्याला मदत. हेही सगळं निभलं असतं, पण घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि शब्दशः. वॉलेसने शर्यतीचे घोडे पाळले होते. शर्यतींवर तो वर्तमानपत्रांत सदर लिहायचा, कुठला घोडा येणार ते लोकांना छातीठोकपणे सांगायचा, आणि दुर्दैव असं की स्वतःचा सल्ला स्वतःही मानायचा. त्याचे घोडे पैसे खायचे आणि मागे राहायचे. ‘द रिंगर’सारखी नाटकं थिएटरं भरभरून चालली तरी तिजोरीत त्या पैशांचा माग लागत नसे.

आणि याच माणसाने मिस्टर जे. जी. रीडर निर्माण केला, त्याच्या सगळ्या पात्रांत मला सर्वांत जास्त आवडणारा. रीडर सरकारी वकिलाच्या कचेरीत काम करतो. मध्यमवयीन, मान खाली घालून बोलणारा, गालांवर जुन्या वळणाचे कल्ले, डोक्यावर बेढब टोपी, हातात कधीही न उघडलेली घट्ट गुंडाळलेली छत्री. बघणाऱ्याला वाटावं, पेन्शनीत निघायला आलेला हेडक्लार्क. पण खोट्या नोटा आणि बँकांमधल्या लबाड्या यांत त्याचा हात धरणारा कोणी नाही. आपलं यश तो मोठ्या संकोचाने समजावून सांगतो: काय करणार, माझं मनच गुन्हेगाराचं आहे, मला सगळीकडे काळंबेरंच दिसतं. एक आकडा इकडचा तिकडे झाला तरी रीडरला खटकतं. वॉलेसने त्याला चुकून जरी आपल्या चेकबुकावर बसवलं असतं, तर चहाच्या एका कपात प्रकरण मिटलं असतं. स्वतःत जे नाही ते लेखक पात्रांना देतो म्हणतात. वॉलेसने रीडरला अख्खा जमाखर्च देऊन टाकला.

त्याचं औदार्यही मोठं गमतीचं. ओळखीपाळखीच्या कुणालाही पैसे द्यायला त्याचा हात मागे येत नसे. एकदा मात्र आला. १९०३च्या सुमारास एक आजारी, थकलेली बाई त्याच्या दाराशी आली. ती पॉली होती, त्याला जन्म देणारी. मदतीच्या आशेने आली होती. त्याने तिला परत पाठवलं, आणि त्यानंतर थोड्याच काळात ती ब्रॅडफर्डच्या इस्पितळात वारली. आयुष्यभर अनोळखी माणसांवर केलेल्या त्या उधळपट्टीत ही एक नोंद बसत नाही. ती कुठल्या खात्यात टाकावी हे रीडरलाही सुचलं नसतं.

छप्पन्नाव्या वर्षी त्याला खासदार व्हावंसं वाटलं. १९३१च्या निवडणुकीत तो ब्लॅकपूलमधून लिबरल म्हणून उभा राहिला. सभांना गर्दी लोटायची, लोक सह्या मागायचे, आणि तेहतीस हजारांहून जास्त मतांनी त्याला पाडलं. वाचक आणि मतदार ही एकाच देहातली दोन वेगळी माणसं असतात, हे लेखकांना उभं राहिल्याशिवाय कळत नाही. निवडणुकीचा खर्च अर्थातच देण्यात जमा झाला. मग त्याच वर्षाच्या शेवटी तो हॉलिवूडला गेला. आरकेओ कंपनीत आठवड्याच्या बोलीवर पटकथा लिहायच्या होत्या. तिथे त्याच्याकडे एका अजस्र वानराच्या चित्रपटाचं काम आलं. त्याने ठराविक झपाट्याने पहिला मसुदा हातावेगळा केला. ‘किंग काँग’ पडद्यावर आला तेव्हा श्रेयनामावलीत त्याचं नाव होतं. पण ते वाचायला तो उरला नव्हता. कधी ध्यानात न आलेला मधुमेह, त्यात न्यूमोनिया. त्या साखरेच्या चहाचा हिशेबही कोणी ठेवला नव्हता. १० फेब्रुवारी १९३२ला बेव्हर्ली हिल्समध्ये तो गेला. शव जहाजाने इंग्लंडला आलं तेव्हा साऊथॅम्प्टन बंदरात निशाणं अर्ध्यावर उतरली होती, आणि ज्या फ्लीट स्ट्रीटच्या तोंडाशी त्याने पेपर विकले तिथे घंटा वाजल्या.

कर्जाचं काय झालं, हा प्रश्न मराठी मनाला आता स्वस्थ बसू देत नसणार. ते फिटलं. दोनेक वर्षांत, पुस्तकांच्या मानधनातून, पैन् पै. वॉलेस लिहायचा थांबला आणि लगेच त्याचा जमाखर्च जुळला! याचा सरळ अर्थ असा, की धंद्यात खोट नव्हती. मालकाचा खर्च तेवढा बंद व्हायला हवा होता. नंतर त्याच्या कथा जर्मनीत जाऊन वेगळंच बाळसं धरून आल्या. १९५९पासून १९७२पर्यंत तिकडे त्याच्या नावावर तीसच्या वर चित्रपट निघाले. लंडनचं धुकं हॅम्बुर्ग-बर्लिनच्या स्टुडिओत तयार व्हायचं. त्यांतल्या अनेकांच्या सुरुवातीला गोळ्यांचे आवाज येतात आणि एक घोगरा स्वर जाहीर करतो, की आपण एडगर वॉलेस बोलत आहोत. हयातीत त्याचा फोन बहुधा सावकार शोधत असायचे. मेल्यावर तो स्वतःच फोन करू लागला.

आज इंग्लंडातही त्याला वाचणारे थोडे उरलेत. अगाथा ख्रिस्ती तरली, वॉलेस मागे पडला. जाणकार म्हणतात, घाईने घात केला. थोडं थांबून, खोडून, पुन्हा लिहिलं असतं तर टिकला असता. असेलही. पण मला शंका आहे. त्याच्या गोष्टीत जी धाव आहे, दर चार पानांनी दार धाडकन उघडण्याची जी तऱ्हा आहे, ती निवांत बसलेल्या माणसाला साधत नाही. पुढच्या महिन्याचं भाडं कुठून येणार हे ज्याला ठाऊक नाही, त्यालाच पुढच्या प्रकरणात काय होणार याची अशी खरी उत्सुकता असते. देणेकऱ्यांनी त्याला लिहितं ठेवलं. वाचकांनी त्यांची रक्कम दोन-दोन, तीन-तीन शिलिंगांनी चुकती केली. या व्यवहारात बुडालं कोणाचंच नाही.

मात्र हे वाचून कोणी आपली मुदत ठेव मोडायला निघू नये. हिशेब जुळवणारी माणसं दीडदोनशे कादंबऱ्या लिहीत नाहीत हे खरं. पण हिशेब न जुळणारी सगळीच लिहितात असंही नाही. बहुतेकांच्या घरी नुसता वसुलीवाला येतो आणि चहा पिऊन, पुढची तारीख घेऊन जातो.